नगररचनेत नवीन लागलेले नागपूरकडचे कोणी आहे का इथे?

खसरा_क्रमांक | मंगळवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतो आहे. घरी सांगून उपयोग नाही. बाबांच्या हिशेबी मुलगा सरकारी ऑफिसात 'नकाशे पास करतो', म्हणजे विषय संपला.

नागपूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत नगररचनेच्या टेबलावर बसून मला चौदा महिने झाले. गाव सांगत नाही, पदही नाही; तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. शिक्षण प्लॅनिंगचंच. कॉलेजात शेवटच्या वर्षी अख्ख्या शहराचा विकास आराखडा काढला होता. पिवळा रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग, मधून हिरवे पट्टे. परीक्षक 'छान' म्हणाले होते. आता रोज समोर येतं ते असं : 'मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, खसरा क्र. अमुक, झोन दाखला मिळणेबाबत.' (प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर, खसरा म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा सर्व्हे नंबर, आणि झोन दाखला म्हणजे ती जमीन विकास योजनेत कोणत्या विभागात येते त्याचा दाखला.) मी मंजूर विकास योजनेची शीट उघडतो, खसरा शोधतो, रंग बघतो, भाग नकाशा काढतो, टिपणी लिहितो, वर पाठवतो. मधे प्लास्टिक जप्तीच्या पथकात नाव, मालमत्ता कराच्या सर्वेक्षणात नाव, निवडणूक आली की मतदार यादीत. मागच्या उन्हाळ्यात पंधरा दिवस मी पाण्याचे टँकर मोजत होतो.

ते चालायचंच. लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं.

गेल्या आठवड्यात एक झोन दाखला होता. शीटवर खसरा स्वच्छ पिवळा, टिपणी तयार. दुसऱ्याच फाईलसाठी कपाटातून जुना गाव नकाशा काढला होता, तो टेबलावर पसरलेला, कोपरा उडू नये म्हणून वर चहाचा कप. कप उचलला तर खाली नेमका तोच खसरा, आणि त्याच्या पोटातून गेलेली वाकडी दुहेरी रेघ. नाला. विकास योजनेच्या शीटवर तो नाला अलीकडच्या खसऱ्यापर्यंत येतो आणि थांबतो. पलीकडे साधारण चारशे मीटरवर पुन्हा सुरू होतो. मधे पाणी काय उडी मारून जातं?

साहेबांना दाखवलं. साहेब वाईट नाहीत, मला काम त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "दाखला मंजूर विकास योजनेवर द्यायचा असतो, गाव नकाशावर नाही." कायद्यानं ते बरोबरच आहे. पण ती टिपणी अजून माझ्या खणात आहे आणि अर्जदार दोनदा येऊन गेला.

अशा वेळी तुम्ही काय करता? आणि पहिल्या एकदोन वर्षांत सगळ्यांनाच असं वाटतं का, की शिकलो एक आणि करतोय भलतंच? पुण्याहून एका कन्सल्टन्सीची विचारणा आहे. जावं का?

तर्री_ज्यादा | मंगळवार, रात्री ११:२०

ये भाऊ, स्वागत. चौदा महिन्यांत तुले नाला दिसला, मले चार वर्षं लागले.

मी शहरात, झोन ऑफिसात. तुझ्याकडं निदान शीटवरचा खसरा मौक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, सापडते तरी. आमच्याकडं लेआउटचं महाभारत आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : नागपुरात शेतमालकांनी अन् सोसायट्यांनी शेतं कापून, मंजुरी-बिंजुरी न घेता प्लॉट विकले. लोकांनी पै पै जोडून घरं बांधली. मग नियमित करणं आलं. आधी ५७२ लेआउटचा गठ्ठा, मग २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालचा १९०० चा. नासुप्रनं (नागपूर सुधार प्रन्यास) डिमांड काढायची, लोकांनी भरायची, आरएल, म्हणजे नियमित झाल्याचं पत्र, घ्यायचं. हे दोन आकडे नागपूरच्या माणसाला पिनकोडसारखे पाठ असतात. आता कागदावर मैदान, मौक्यावर दुमजली घर, अन् घरमालकाच्या हातात आरएल. सांग, कुठून नियोजन सुरू करू?

एकच सल्ला. मौक्यावर जा. दाखल्यासाठी मौका पाहावा लागत नाही, हे मलेही माहीत आहे. तरी जा. शनिवारी जा, पेट्रोल स्वतःचं टाक, अन् पाचनंतर जा. मे महिन्यात भर दुपारी गेलास तर नाल्याच्या जागी तुलेच शोधावं लागेल.

नकाशा_नंदिनी | बुधवार, सकाळी ९:०५

पुण्यातल्या कन्सल्टन्सीबद्दल : मी तिथेच आहे (तुम्हाला विचारणा आली ती माझीच कंपनी असेल असं नाही), सहा वर्षं.

आधी एक कबुली. तुमचा नाला माझ्यासारख्याच कुणीतरी पुसला असणार. छोट्या शहराचा पायाभूत नकाशा करताना आम्ही उपग्रहाची प्रतिमा घेतो, त्यावर गाव नकाशे बसवतो, आणि मग एक-एक थर डिजिटाईज करतो : रस्ते, इमारती, पाणी. प्रतिमा असते उन्हाळ्यातली, कारण ढग नसतात. विदर्भातला कोरडा नाला मे महिन्यात शेताच्या धुऱ्यासारखा दिसतो. वरून कुणी मुरूम टाकून सपाट केलेला असेल तर तेवढाही दिसत नाही. काम करणारी मुलगी बावीस वर्षांची, तिनं तुमचं गाव जन्मात पाहिलेलं नाही, आणि तिला शुक्रवारपर्यंत चौदा शीट द्यायच्या असतात. तपासायला आम्ही नगरपरिषदेकडे पाठवतो. तिथे जो नगररचनेच्या टेबलावर असतो तो त्या आठवड्यात टँकर मोजत असतो.

तेव्हा इकडे आलात तर आराखडे कराल, नक्की. पण ते तपासायला तिकडे टेबलावर तुमच्यासारखा कोणी नसेल.

'सगळ्यांनाच असं वाटतं का' याचं अर्धं उत्तर आकड्यांत आहे. नीती आयोगाचा २०२१ चा शहर नियोजन क्षमतेवरचा अहवाल आहे. राज्यांच्या नगर नियोजन विभागांत मिळून नगररचनाकारांची मंजूर पदं ३९४५, त्यातली ४२ टक्के रिकामी. देशातल्या ७९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांकडे आराखडाच नाही. आणि याच नोकऱ्यांसाठी बऱ्याच राज्यांत प्लॅनिंगची पदवी ही आवश्यक अट नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. म्हणजे तुम्ही एका टेबलावर तिघांचं काम करताय आणि शेजारच्याला तुमची पदवी कशाची ते माहीत नाही, यात वैयक्तिक असं काही नाही.

मोजपट्टी | बुधवार, दुपारी १:४०

मी पण नवीनच, अडीच वर्षं. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

मौक्यावर गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "मॅडम, साहेब कधी येणार?" मी म्हणते, मीच. मग ते माझ्या मागे उभ्या शिपायाशी बोलायला लागतात. टेपचं एक टोक शिपायाकडे, एक माझ्याकडे. आता सवय झाली. टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि मौक्यावर जायच्या दिवशी सकाळी चहा नाही, का ते बायकांना कळेल.

पण 'भलतंच करतोय' याबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. आमच्याकडे प्रारूप विकास योजनेवर हरकतींच्या सुनावण्या झाल्या, नगररचना कायद्याच्या कलम २८ खालच्या. नियोजन समितीत स्थायी समितीचे तिघं आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार, चारपर्यंत. मी कोपऱ्यात बसून नोंदी घेत होते. हरकती शेकड्यांनी, बहुतेक छापील, वकिलाच्या कचेरीतून एकाच साच्यातल्या. दुपारी एक आजोबा आले. पिशवीतून नकाशाची घडी काढली, सुतळीनं बांधलेली. म्हणाले, "मले आरक्षणाचं काही म्हणायचं नाही. तुमचा रस्ता माह्या विहिरीतून जाऊन राहिला." समितीतले हसले. मी शीट पाहिली, विहीर नव्हती. त्यांनी सातबारा पुढे केला, त्यावर होती. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिली : दगडी, सोळा हात, मे महिन्यात तळाला पाणी. समितीच्या अहवालात रस्ता सहा मीटर उत्तरेला सरकवण्याची शिफारस गेली. ती ओळ माझ्या अक्षरातली आहे.

अडीच वर्षांत मी 'नियोजन' केलं ते एवढंच. सहा मीटर. पुढे मंत्रालयात मंजुरीच्या वेळी त्याचं काय होईल, देव जाणे.

अंबाझरीच्या_खाली | बुधवार, रात्री ८:१५

मी तुमच्या खात्यातली नाही. शीर्षकात नागपूर दिसलं म्हणून उघडलं आणि नाला वाचून थांबले.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं पात्र सोडलं. आमच्या घरात खिडकीच्या चौकटीपर्यंत पाणी. आईला, वय ८१, आम्ही दोघांनी उचलून जिन्यावर बसवलं. उजाडल्यावर खाली पाहिलं तर फ्रिज आडवा तरंगत होता आणि त्याच्यावर शेजाऱ्यांची मांजर बसलेली, एकदम शांत. अजून डोळ्यांपुढे येतं ते तेच.

नंतर महिनाभर सगळे तज्ज्ञ. पात्र अरुंद झालं, हे बांधलं, ते बांधलं. माझा प्रश्न साधा आहे. हे सगळं होत असताना तुमच्यासारख्या कुणाला तरी ते दिसलं असेलच ना? कप उचलून? त्याची टिपणी कोणत्या खणात आहे?

खसरा_क्रमांक | बुधवार, रात्री ८:५०

ताई, यावर काय लिहू ते सुचत नाही. वाचलं एवढंच सांगतो.

तर्री_ज्यादा | बुधवार, रात्री ९:३०

ताईंचं बरोबर आहे, पण पोराच्या अंगावर नका येऊ. खालचा माणूस लिहितेही कधी कधी. वरून शेरा येते 'चर्चा करावी'. ती चर्चा कधी झाली ते मले माझ्या नोकरीत कळलं नाही. बदली झाली की चर्चा संपते.

अन् इथं कारभारी किती! मनपा वेगळी, १९३६ ची नासुप्र वेगळी, बाहेर सातशेवर गावांची एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) वेगळी. नासुप्र मधे बरखास्त होणार होती, मग नाही झाली. नदी मात्र एकच, ती हद्द पाहून वाहत नाही.

कलम_पंचेचाळीस | गुरुवार, सकाळी ७:१०

वकिली करतो, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ हाच रोजचा भाकरतुकडा. नव्या लोकांसाठी दोन गोष्टी.

साहेब म्हणाले ते अर्धंच बरोबर. झोन दाखला विकास योजनेवर द्यायचा हे खरं. पण दाखला म्हणजे परवानगी नव्हे. उद्या हाच माणूस कलम ४४ खाली बांधकामाचा किंवा लेआउटचा अर्ज करेल, तेव्हा बांधकामाची एकात्मिकृत नियमावली लागेल, आणि तिथे जलप्रवाहापासून सोडायचं अंतर प्रत्यक्षातल्या जलप्रवाहापासून मोजतात. शीटवर निळी रेघ नाही म्हणून नाला नाहीसा होत नाही. त्यामुळे दाखला अडवू नका, अर्जदाराचा काही दोष नाही. दाखल्याखाली टीप घाला : 'सदर खसऱ्यातून गाव नकाशावर नाला दर्शविला असून विकास परवानगीच्या वेळी त्याची मोजणीद्वारे खात्री करण्यात यावी.' एवढ्या एका वाक्यानं उद्याचा प्लॉट घेणारा वाचतो. परवा कोर्टात तुम्हीही वाचता. आणि परवानगीचा अर्ज आला की तो खणात ठेवू नका, साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर ४५(५) खाली परवानगी मानीव ठरते, म्हणजे मिळाली असं धरतात; फक्त प्रस्ताव नियमांत बसणारा हवा. मग नाल्यामुळे तो बसत नव्हता हे तुम्ही सिद्ध करत बसा.

दुसरं, विषयाबाहेरचं पण नव्यांना कुणी सांगत नाही. आवक टपालात कलम १२७ ची नोटीस कशी दिसते ते शिकून घ्या. दिसायला ती साध्या अर्जासारखीच असते, कधी साध्या डाकेनं येते. विकास योजनेत मैदान, शाळा अशासाठी जमीन राखून ठेवतात, त्या आरक्षणाला दहा वर्षं झाली, भूसंपादन झालं नाही, तर मालक नोटीस देतो. तिथून चोवीस महिने, २०१५ च्या दुरुस्तीआधी बाराच होते. तेवढ्यात संपादनाचं खरं पाऊल पडलं नाही तर आरक्षण गेलं. ठराव करून फाईल फिरवणं म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं आहे. मी स्वतः मालकांच्या बाजूनं अशी मैदानं सोडवली आहेत. दर वेळी समोरच्या फाईलमध्ये एकच गोष्ट आढळते : नोटिशीवर आवकचा शिक्का, त्याखाली 'नगररचना' असं लिहिलेलं, आणि पुढे वीस महिने काहीही नाही. कुणाच्या तरी टेबलावर ती झोन दाखल्याच्या गठ्ठ्यात गेलेली असते.

नकाशा_नंदिनी | गुरुवार, सकाळी १०:२२

'मी स्वतः मैदानं सोडवली आहेत' हे इतक्या सहज?

कलम_पंचेचाळीस | गुरुवार, सकाळी १०:५०

मालकाची जमीन पंचवीस वर्षं अडवून ठेवली होती, ना पैसे दिले ना मैदान केलं. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मी फी घेतो, पण लाज वाटत नाही.

भोसलेकालीन | गुरुवार, दुपारी ३:३३

अवांतर : स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी शंभर वर्षांपूर्वी नागपूर पालिकेसाठी अहवाल लिहिला होता. त्यांची पद्धतच अशी की आधी गल्लीबोळ पायी फिरायचे, तलाव-विहिरी बघायच्या, मग कागदाला हात. पाडापाडीला त्यांचा विरोध. आपल्या लेंडी तलावाकडे आज गेले असते तर काय म्हणाले असते?

तर्री_ज्यादा | गुरुवार, दुपारी ३:५०

म्हणाले असते, "तलाव कुठं आहे?"

जुना_अनुरेखक | गुरुवार, रात्री ९:४०

मी या खात्यात अनुरेखक (नकाशे ट्रेस करणारा) म्हणून लागलो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नातीनं मोबाईलवर टंकायला शिकवलं आहे, चुका माफ.

नंदिनीताई म्हणतात तसं उपग्रहानं पुसलं असेल. पण आम्हीही पुसायचो, हातानं. आमच्याकडचे जुने गाव नकाशे सोळा इंचाला एक मैल. विकास योजनेची शीट त्याहून लहान प्रमाणाची करायची, तेव्हा ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं काढताना दुहेरी रेघेचा नाला एकेरी होतो. आणखी लहान केला तर निबेच्या जाडीत मावत नाही. मग हाताखालचा माणूस विचारायचा, ठेवू का सोडू? साहेब जेवायला गेलेले असले की सुटायचा. एकदा शीटवरून गेला की पुढची शीट त्या शीटवरून होते. परत कोणी गाव नकाशा उघडत नाही. तुम्ही उघडला, चहा ठेवायला का होईना.

आता कामाचं सांगतो. नुसता गाव नकाशा दाखवला तर साहेब म्हणतील, जुना आहे, नाला वळला असेल. तहसीलमध्ये जा. आपल्या विदर्भात प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक असतं, आणि वाजिब-उल-अर्ज. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या साहेबांना हे शब्द माहीत नसतात, मी अनेकांना समजावले. निस्तार पत्रकात गावाची सामायिक जागा, चराई, स्मशान, गुरांची वाट, सगळं खसऱ्यासकट. वाजिब-उल-अर्जात वहिवाटीचे हक्क, कोणाच्या शेतातून कोणाचं पाणी जाणार तेही. त्या नाल्याच्या पाण्यावर गावाचा हक्क नोंदलेला निघाला तर तो नुसती रेघ राहत नाही, महसूल अभिलेख होतो. मग टिपणीत 'असे दिसते' लिहायचं कारण नाही, 'नोंद आहे' लिहा. फरक मोठा.

आणि मौक्यावर गेलात तर नाला शोधू नका, मोरी शोधा. नाला बुजवतात. रस्त्याखालची मोरी कोणी बुजवत नाही, तेवढा खर्च कोण करणार.

मोजपट्टी | गुरुवार, रात्री १०:०५

आजोबा, शेवटचं वाक्य मी डायरीत लिहून घेतलं.

खसरा_क्रमांक | रविवार, रात्री ९:१८

काल जाऊन आलो. साडेपाचला निघालो तरी गाडीची सीट तापलेली होती.

खसरा रस्त्याला लागून आहे. जागेवर मुरूम टाकून सपाट केलेलं, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले, एका खांबावर फ्लेक्स. नाला दिसला नाही. मग रस्त्याच्या कडेनं चालत गेलो, आणि मोरी सापडली. दगडी, जुनी, दोन गाळ्यांची. एका गाळ्यात मुरूम गळ्यापर्यंत, दुसरा अर्धा उघडा. वाकून पाहिलं तर आत ओल होती. मे महिन्यात. रस्त्याच्या पलीकडे शेतात नाला सरळ दिसतो, काठाला बाभळी, पात्र दहा-बारा पावलं रुंद. म्हणजे वरून पाणी येतं, मोरीतून या खसऱ्यात शिरतं आणि पुढे फ्लेक्स लावलेला आहे.

पलीकडच्या शेतातला माणूस म्हणाला, "पावसाळ्यात इथं गुडघाभर असते साहेब. आता यांनी बुजवलं, औंदा माह्या वावरात घुसते का पाहा." मला पहिल्यांदाच कोणी साहेब म्हटलं आणि अजिबात बरं वाटलं नाही.

फोटो काढले. मोरीचं अंतर खसऱ्याच्या कोपऱ्यापासून टेपनं घेतलं, टेपचं दुसरं टोक त्याच शेतकऱ्यानं धरलं. आज घरी बसून टिपणी नव्यानं लिहिली. दाखला रहिवास विभागाचाच आहे, खाली वकीलसाहेबांनी सांगितलेली टीप. सोबत गाव नकाशाचा उतारा, फोटो, आणि प्रत्यक्ष मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे पत्राचा मसुदा. उद्या सकाळी वर पाठवतो. 'चर्चा करावी' आलं तर मीच चर्चेची तारीख विचारून ती नस्तीवर लिहीन असं ठरवलं आहे, बघू जमतं का.

पुण्याला अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांना पंधरा जूनपर्यंत वेळ मागितला आहे.

निस्तार पत्रकाच्या नकलेसाठी अर्ज लिहून ठेवला. आजोबा, त्यात आणखी काही घालायचं का?

जुना_अनुरेखक | सोमवार, सकाळी ६:०२

बंदोबस्ताचं, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला त्याचं, साल लिहा, गाव नकाशाच्या कोपऱ्यात असतं. नाही लिहिलं तर नवीन उतारा हातात ठेवतील. आणि 'नक्कल' मागा, 'माहिती' मागू नका. अकराच्या आत जा, दुपारी रेकॉर्ड रूमचा कूलर बंद असतो, माणूसही.